चौथा टायर द्यायला चौघेही तयार

ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी सव्वादहा वाजता, मस्कतच्या गाला औद्योगिक भागातल्या एका गोदामात ट्रकचे चार टायर चार व्यापाऱ्यांमध्ये वाटण्यात आले. प्रत्येकाला एक मिळाला. वाटप एकमताने झालं, तक्रार कोणाचीही नव्हती. ज्या पाण्याच्या टँकरला हे चारही टायर हवे होते, तो त्या वेळी निझवा शहराबाहेर, मागची चाकं काढलेल्या अवस्थेत, लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. डोंगरातलं एक गाव त्या टँकरच्या पाण्यावर अवलंबून होतं.

वाटपाचा नियम ज्या वाक्यात होता, ते वाक्य मी लिहिलं होतं. वसईहून इथे येण्याआधी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. इथे टायर आयात करणाऱ्या एका कंपनीची कागदपत्रं अठरा वर्षं सांभाळली. दोन्ही कामांत फारसा फरक नाही. नाव, संख्या, वजन, तारीख बरोबर हवी आणि विशेषण नको. पुढचा मजकूर त्या वेळच्या वह्यांवरून लिहिला आहे. जिथे हजर नव्हतो, तिथे दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेलंच धरलं आहे.

टायर गोल आणि काळा असतो, त्यामुळे बाहेरच्या माणसाला सगळे सारखेच वाटतात. सहाचाकी टँकरला पुढे दोन आणि मागे चार टायर असतात. मागचे चार जोडीजोडीने बसतात, एक बाहेर आणि एक आत. जोडीतले दोन्ही एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक जरासा उंच असला तर सगळा भार तोच उचलतो, तापतो आणि फुटतो. ओमानच्या उन्हाळ्यात, घाटाच्या रस्त्यावर, भरलेल्या टँकरखाली तो फुटला तर पुढचं सांगायला ड्रायव्हर उरेलच असं नाही. म्हणून मागच्या चाकांच्या बाबतीत सुट्या टायरला काही अर्थ नसतो. गाल्यात नवीन आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात कळतं. त्या रविवारी गोदामात जी माणसं होती, त्यांनी या धंद्यात काढलेली वर्षं एकत्र केली तर शंभराच्या पुढे गेली असती.

त्या वर्षी लढाई ओमानमध्ये नव्हती, जहाजांच्या वाटेवर होती. काही जहाजं लांबून येऊ लागली, काही आलीच नाहीत. रबर सैन्याच्या गाड्यांकडे वळलंय असं पुरवठादार सांगत. ते खरं की खोटं, हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्या मुख्य पुरवठादाराकडून एक फॉर्म आला. शिल्लक माल यापुढे देशांच्या गटांप्रमाणे वाटला जाईल, असं त्यात म्हटलं होतं. सातवा रकाना असा होता : सध्याच्या संघर्षात आपला देश मित्र, तटस्थ की अन्य?

फॉर्म घेऊन अर्बाबकडे गेलो. अर्बाब म्हणजे मालक. त्यांचं नाव खलफान, वय सत्तर. जुन्या मस्कतच्या बऱ्याच व्यापाऱ्यांसारखं त्यांचं हिंदी आम्हा हिंदुस्थानी नोकरांपेक्षा साफ होतं.

"किसका मित्र?" त्यांनी विचारलं.

"वो नहीं लिखा, अर्बाब."

"तो लिख दो, सबका."

'सबका' असा पर्याय नव्हता. 'तटस्थ'वर खूण केली. आठवड्याने उत्तर आलं की तटस्थ देशांना मित्रदेशांनंतर माल मिळेल. आम्ही दुसरं पत्र पाठवून 'मित्र' केलं. त्यावर उत्तर आलं की मित्रदेशांचा माल रवाना झाला आहे, पण त्यांच्याकडची वाट बंद असल्याने तो जहाजावरच आहे. तटस्थ देशांची वाट खुली आहे, पण त्यांच्यासाठी माल नाही. अर्बाबनी हे पत्र दोनदा वाचून घेतलं.

"ये आदमी समझदार है," ते म्हणाले. "किसी को नाराज़ नहीं किया."

टंचाईत गिऱ्हाइकं बदलतात. अल खौदला राहणाऱ्या एका प्राध्यापकांनी आपल्या गाडीसाठी चार टायर घेतले आणि ते न बसवता घरी नेले. पुढे एकदा बिल पोचवायला गेलो तर टायर बैठकीच्या खोलीत होते, भरतकाम केलेल्या चादरीखाली. पाहुणे त्यांना टेकून बसले होते. गाडीचे जुने टायर गुळगुळीत झाले होते. ते का बदलत नाही, असं विचारलं तेव्हा प्राध्यापक म्हणाले, "नवे लावले तर घरात काय उरेल?"

शेवटी एक कंटेनर मंजूर झाला. एकट्या दुकानाची मागणी पुरवठादाराच्या किमान आकड्यापर्यंत पोचत नव्हती, म्हणून चार दुकानांनी एकत्र मागणी केली होती. एक आमचं. दुसरं कोयाचं. कोया केरळचा, गाल्यातला सगळ्यांत मोठा टायरवाला. तिसरं पेशावरच्या गुल जमानचं. त्याचे सगळे व्यवहार तोंडी चालत आणि कधी फिसकटत नसत. चौथं चितगावच्या मतीनचं, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त गर्दीचं. चार दुकानं, चार देश. फॉर्ममधला सातवा रकाना कोयालाही भरावा लागला होता. त्यानेच या मंडळींना 'मित्रराष्ट्र' म्हणायला सुरुवात केली आणि पहिल्या बैठकीला चार छोटे झेंडे आणले. पाकिस्तानचा झेंडा बाकीच्यांपेक्षा बोटभर आखूड निघाला. गुल जमानने तो मोजला नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या बैठकीला झेंडे नव्हते.

बैठका आमच्या ऑफिसात होत. अध्यक्ष अर्बाब, इतिवृत्त माझ्याकडे. बोलणं हिंदीत चाले, लिहिणं इंग्रजीत आणि शिक्का अरबीत. मी मालकाच्या बाजूने बसतो, याची कोयाने पहिल्याच दिवशी नोंद घेतली.

"डिमेलो, तुम ओमान की कुर्सी पर बैठा है. इंडिया को भूल गया?"

"इंडिया की कुर्सी पर आप हैं, कोया साब."

"मैं केरला है. इंडिया का कोई और देखो."

अडचण वाटपाची होती. कंटेनरमध्ये काय येणार हे पुरवठादार सांगत नव्हता. जे सापडेल ते भरतो, असं त्याने कळवलं होतं. पिकअपचे किती, ट्रकचे किती, कोणत्या मापाचे, काही माहीत नाही. चांगला माल दुसरा उचलेल, अशी धास्ती प्रत्येकाला होती. तिसऱ्या बैठकीत गुल जमानने तोडगा काढला. बकरी ईद होऊन फार दिवस झाले नव्हते. गाल्यातल्या बऱ्याच जणांनी मिळून कुर्बानी केली होती.

"साझे की कुर्बानी में गोश्त कैसे बँटता है?" त्याने विचारलं. "हर ढेरी में थोड़ा कलेजा, थोड़ी पसली, थोड़ी हड्डी. फिर कोई बोलता है कि मुझे ख़राब मिला?"

"कोई नहीं बोलता," मतीन म्हणाला.

"बस. टायर भी वैसे ही."

कोया विरोध करायच्या तयारीने आला होता. "गोश्त में तो हमारे यहाँ भी यही है," तो म्हणाला.

"खलास," अर्बाब म्हणाले, म्हणजे ठरलं.

इतिवृत्तात लिहिलं : 'प्रत्येक मापाच्या टायरचे चार समान भाग करून प्रत्येक सभासदास एक भाग देण्यात येईल.' मी वाचून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. वाक्यात चूक नव्हती. चूक एवढीच होती की कलेजी कापली तरी कलेजीच राहते.

इथे दाऊद मुकादमची माहिती देणं आवश्यक आहे. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा हा माणूस अकरा वर्षं निझव्याहून डोंगरातल्या एका गावाला पाणी नेत होता, रोज दोन फेऱ्या. गावाचा जुना पाट त्या उन्हाळ्यात जवळजवळ आटला होता. वाटपाच्या आधीच्या बुधवारी पोलिसांनी टँकर तपासला. मागचे चारही टायर घासून सपाट झाले होते. टायर बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांचं बरोबर होतं, दाऊदही तेच म्हणाला. बाकीचे टँकर आपापल्या गावांना कमी पडत होते. गावाकडे एक पिकअप लहान टाकी घेऊन जाऊ लागली. त्या पाण्यात माणसांचं पिणं आणि स्वयंपाक भागत होता. शेळ्यांना कमी पडत होतं. डाळिंबांना मिळतच नव्हतं आणि फळं तोडणीला आली होती.

गावाच्या टाकीची किल्ली हमूद नावाच्या वयस्कर गृहस्थांकडे असे. ते दाऊदला रोज सकाळी फोन करत. "यल्ला, दाऊद?" म्हणजे निघायचं का, एवढंच विचारत. दाऊद म्हणे, "इन्शाल्ला, बुक्रा." बुक्रा म्हणजे उद्या.

रविवारी कंटेनर गोदामात उघडला तेव्हा दाऊद टायर घ्यायला निझव्याहून तिथे आला होता. टँकरच्या मापाचे टायर त्यात निघाले. मोजून चार. ते एका बाजूला एकावर एक रचून ठेवले होते. दाऊदने त्यांच्यावर हात फिरवला.

"डिमेलोसायब, आपले ते हेच ना?"

"हेच, दाऊदभाई."

"मंग झालं. सांच्याला चढवतो."

वाटे पडायला लागले. ढीग कोणाचा हे ठरवायला त्रयस्थ माणूस हवा होता. गोदामात दाऊदशिवाय कोणीच त्रयस्थ नव्हतं. कोकणात मासळीचे वाटे घालताना करतात तसं करायचं ठरलं. एकाने ढिगांकडे पाठ करून बसायचं, दुसऱ्याने ढिगाला हात लावून 'हे कोणाचं' विचारायचं, आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. ही पद्धत दाऊदनेच सुचवली. लहानपणापासून हे काम त्याच्याकडेच असे, असंही त्याने सांगितलं. तो एका रिकाम्या खोक्यावर भिंतीकडे तोंड करून बसला.

"ये किसका?" गुल जमानने विचारलं.

"कोयाचा."

"ये?"

"मतीनभायचा."

"ये?"

"तुमचाच, लाला."

"और ये?"

"उरला तो अर्बाबचा."

या वेळी माझं लक्ष नोंदवहीत होतं. दाऊद उठून वळला. जिथे चार टायर रचले होते, तिथे जमीन दिसत होती.

"सायब, इथले खय गेले?"

"वाटले."

"कोणी?"

"तुम्हीच, दाऊदभाई."

त्याने चारही ढिगांकडे पाहिलं. प्रत्येकात सगळ्यांत वर त्याच्या मापाचा एक टायर होता. गुल जमानने ते मुद्दाम वर ठेवले होते, कलेजी वर ठेवतात तसे. "मना भिंतीकडं तोंड करून बसवलाव," दाऊद म्हणाला, "आन् मीच नावं घेतली." मतीनने चहा मागवला.

चूक कळली होती. ती दुरुस्त करायला सगळे राजी होते. तरीही पुढचे चार दिवस काहीच झालं नाही, आणि त्याचं कारण समजायला मलाही दोन दिवस लागले.

आपला टायर द्यायला चौघांचीही हरकत नव्हती. प्रश्न क्रमाचा होता. ज्याने पहिला दिला, त्याचा टायर दाऊदकडे पडून राहणार आणि बाकीच्यांनी हात आखडता घेतला तर तो टायर कोणाच्याच कामाचा राहणार नाही. दुसरा देणाऱ्यालाही तीच भीती, तिसऱ्यालाही थोडी. चौथा मात्र निर्धास्त. त्याने दिला की टँकर चालू लागणार. रविवारी दुपारी कोयाच्या दुकानात गेलो.

"मैं देगा," कोया म्हणाला. "चौथा मैं देगा. मिनट्स में लिखो."

लिहिलं. तिथून गुल जमानकडे गेलो.

"चौथा मेरा. पठान की ज़बान है, लिखने की ज़रूरत नहीं."

मतीन दुखावला होता. "भाई, चौथा तो मैंने सबसे पहले बोला था. सुबह चाय के टाइम. कोया भाई को पूछो."

अर्बाबनी वेगळं कारण दिलं. अध्यक्षाने आधी दिला तर बाकीच्यांवर दबाव येईल आणि दबावाखाली दिलेलं टिकत नाही. त्यामुळे ते शेवटी देतील.

दाऊद संध्याकाळी ऑफिसात आला. त्याला सगळं सांगितलं. त्याने बोटं मोजली.

"म्हंजे चौथे चार झाले."

"चार."

"आता पयला, दुसरा, तिसरा कंच्या देशातनं आणू?"

सोमवारी मतीनने सुचवलं की पहिले तीन टायर एखाद्या पाचव्या माणसाने द्यावेत. हा प्रस्ताव अर्धा तास चर्चेत होता. मग कोयाने विचारलं, की पाचव्या माणसाकडे तीन असतील तर चौथाही त्याच्याकडूनच का घेऊ नये? मतीन म्हणाला, मग आपली गरजच काय उरली? चर्चा थांबली. मंगळवारी चिठ्ठी टाकून क्रम ठरवायचं ठरलं. ज्याचा पहिला नंबर येईल त्याला चिठ्ठी पुन्हा टाकण्याचा अधिकार असावा, अशी दुरुस्ती कोयाने मांडली. ती मंजूर झाली. चिठ्ठी नऊ वेळा टाकली गेली.

त्या दिवशी सकाळी हमूद यांच्या फोनमध्ये फरक पडला होता. त्यांनी टायरबद्दल विचारलं नाही, अशी दाऊदची माहिती आहे. पायऱ्यांच्या शेतीतल्या वरच्या पायरीवरची डाळिंबं तडकायला लागली, शेळ्यांपैकी निम्म्या खालच्या गावात पाठवल्या आणि धाकटी सून मुलांना घेऊन माहेरी गेली, एवढं त्यांनी सांगितलं. दाऊदने नेहमीप्रमाणे 'बुक्रा' म्हटलं. पलीकडून फोन आधीच बंद झाला होता.

बुधवारी बैठकीला दाऊद न बोलावता आला. चिठ्ठ्यांचा डबा टेबलावर होता. कोणाला काही न विचारता त्याने फोन लावला आणि अर्बाबच्या हातात दिला.

"गाववाले हाईत," तो म्हणाला. "आता त्यांनाच सांगा, चौथा कोण तो."

अर्बाब आणि हमूद चार मिनिटं बोलले. बोलणं अरबीत, तेही डोंगरातल्या बोलीत होतं. त्यातलं 'माय', म्हणजे पाणी, एवढंच मला कळलं. बाकीच्या तिघांनाही त्याहून जास्त कळलं नसावं. अर्बाबनी फोन परत दिला. काय बोलणं झालं ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही, पुढेही कधी सांगितलं नाही.

"शनिवार," ते म्हणाले. "चारों एक साथ."

करार गुरुवारी झाला. टायरचा भाव रोज बदलत होता, त्यामुळे विक्री होणार नव्हती. टायर उसने द्यायचे होते. चारही एकाच क्षणी, तिऱ्हाईत जागी द्यायचे. प्रत्येक टायरवर मालकाचं नाव खडूने लिहायचं. प्रत्येकाचा प्रतिनिधी आपल्या टायरसोबत जाईल आणि टायरवर लक्ष ठेवेल. करार एका फेरीपुरता. पाच कलमं, चार सह्या. अर्बाबचा प्रतिनिधी म्हणून माझं नाव घालण्यात आलं.

शनिवारी सकाळी सहा वाजता गाल्यातून चार पिकअप निघाल्या. प्रत्येकीत एक टायर होता. तिऱ्हाईत जागा म्हणून निझव्याबाहेरचं एक पंक्चरचं दुकान ठरलं होतं. त्याच्यापुढेच टँकर ठोकळ्यांवर उभा होता. चौघांनी आपापला टायर उभा धरला. मतीनने तीनपर्यंत मोजायचं आणि तीनला सगळ्यांनी सोडायचं, असं ठरलं.

मतीनने तीन म्हटलं. कोणीच सोडला नाही, मतीननेही नाही.

"तुमने क्यों नहीं छोड़ा?" कोयाने गुल जमानला विचारलं.

"तुम्हारा देख रहा था."

"मैं तुम्हारा देख रहा था."

"जरा बाजूला व्हा," दाऊद म्हणाला. "मी मोजतो." त्याने मोजलंच नाही. कोयाच्या हातातला टायर ओढून घेतला. हे पाहून बाकीच्या तिघांनी आपापले सोडले. मतीनचा टायर घरंगळत रस्त्यापर्यंत गेला आणि चौघेही त्याच्यामागे धावले. इतिवृत्तात हस्तांतर आठ वाजून दहा मिनिटांनी झाल्याची नोंद आहे.

पुढचा वाद आत कोण आणि बाहेर कोण याचा होता. आत बसलेला टायर दिसत नाही, मग लक्ष कसं ठेवणार? शेवटी ठरलं की ज्यांचे टायर आत जातील त्यांनी भरपाई म्हणून टँकरच्या केबिनमध्ये बसावं आणि बाहेरवाल्यांनी पिकअपमधून मागे यावं. आत मतीनचा आणि अर्बाबचा गेला, बाहेर डावीकडे कोयाचा, उजवीकडे गुल जमानचा. पिकअप कोयाने चालवायला घेतली. इथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे त्याला त्याचा टायर समोर दिसत होता, गुल जमानला उजव्या खिडकीतून त्याचा. तीन पिकअप दुकानासमोर ठेवल्या. निझव्यात टाकी भरून घेतली आणि साडेनऊला निघालो.

डोंगराच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी आहे. वर जाणाऱ्या गाड्या तिथे तपासतात. पोलिसाने टँकरचे टायर पाहिले. ते नवे होते. मग त्यांच्यावरची नावं वाचली.

"कोया कोण?"

मागच्या पिकअपमधून कोयाने हात वर केला.

"मतीन?"

मतीनने केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"तुमचं काम काय?"

"आत का टायर मेरा है, सर," मतीन म्हणाला. तो हिंदीत बोलला, पोलिसालाही हिंदी समजत होतं. पोलिसाने वाकून आत पाहिलं, मग उठून माझ्याकडे पाहिलं. मी कराराची प्रत दिली. त्याने पाचही कलमं वाचली आणि आतल्या सहकाऱ्याला बोलावून त्यालाही वाचायला दिली. दोघे बाजूला जाऊन काही बोलले.

"जा," पहिला म्हणाला. "हळू जा."

घाटात दाऊद दोनदा थांबला. तापलेला टायर हाताने कळतो. तळवा टेकवून दहा आकडे मोजता आले तर ठीक. पहिल्या थांब्यावर प्रत्येकाने फक्त आपल्याच टायरला हात लावला. मतीनला त्यासाठी खडीवर उताणं झोपून चाकांमागून हात घालावा लागला. कोया आणि गुल जमान टँकरच्या दोन बाजूंना उभे होते.

"लाला, तुम्हारा कैसा है?" कोया पलीकडून ओरडला.

"नौ तक गिना. तुम्हारा?"

"बारह."

"तो तुम्हारे हाथ की चमड़ी मोटी है."

दुसऱ्या थांब्यावर कोया पिकअपमधून उतरला नाही, त्याच्या गुडघ्यांना त्रास होता. गुल जमान एकटाच उतरला. आधी उजवीकडे गेला, मग टँकरला वळसा घालून डावीकडे. "ग्यारह," तो येऊन म्हणाला. कोयाने मान हलवली आणि पिकअप पुढे घेतली.

सव्वाअकराला टँकर गावात पोचला. हमूद टाकीजवळ उभे होते. उंच, कृश, दिशदाशा, म्हणजे ओमानी पायघोळ झगा, घातलेले. सोबत आलेल्या लोकांकडे त्यांनी पाहिलं आणि दाऊदला विचारलं, टँकर एक, माणसं पाच कशाला?

"माणसं पाच न्हाईत," दाऊदने मला मराठीत सांगितलं आणि मग त्यांना आपल्या अरबीत. "टायर चार हाईत."

हमूद यांनी टाकीचं कुलूप काढलं. पाइप जोडला गेला. टाकी गावासाठी पाऊणपर्यंत भरली, त्यानंतर पाणी शेळ्यांच्या दगडी कुंडांत सोडलं. टँकर त्यातच संपला. वरच्या पायरीवर मी गेलो होतो. एकवीस झाडं मोजली. बऱ्याच फळांना उभ्या भेगा होत्या. खाली येईपर्यंत चौघांना कहवा आणि खजूर दिले होते. मतीन हमूद यांच्या नातवाला खडूने लिहिलेलं आपलं नाव वाचून दाखवत होता.

"झाडांना?" हमूद यांनी विचारलं.

दाऊदने आमच्याकडे पाहिलं. करार एका फेरीचा होता.

उतरून पायथ्याच्या पाणी भरायच्या ठिकाणी आलो तेव्हा एक वाजून गेला होता. तापमान किती होतं, हे नोंदवलेलं नाही. सावलीला एकच पत्र्याचं छप्पर होतं. चौघे त्याखाली उभे राहिले. दुसऱ्या फेरीसाठी कलम पाचमध्ये दुरुस्ती लागेल, असं मी निदर्शनास आणलं. कोयाने कपाळ पुसलं.

"दुरुस्ती के लिए अर्बाब का साइन चाहिए," तो म्हणाला.

"अर्बाब मस्कत में हैं," मतीन म्हणाला.

"भूख लगी है," गुल जमान म्हणाला.

यावर चर्चा झाली नाही. निझव्यात एका खानावळीत शनिवारी मटण असतं, ही माहिती मतीनने दिली. चौघे पिकअपमध्ये बसलो. दाऊदने टाकी भरून घेतली आणि दोन वाजून दहा मिनिटांनी एकटाच वर गेला.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी त्याचा फोन आला. दुसरी टाकी डाळिंबांना सोडली होती.